अरब क्लब करंडकाला घरचे मैदान हवे

१२ ऑगस्ट २०२३ रोजी सौदी अरेबियातील ताइफ शहरात अरब क्लब स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा रियाधचा अल-नस्र संघ सामन्याच्या शेवटी नऊ खेळाडूंवर आला होता. रियाधच्याच अल-हिलालकडून मायकलने उत्तरार्धाच्या सुरुवातीला गोल केला, ७१व्या मिनिटाला अल-नस्रच्या अल-अमरीला लाल कार्ड मिळाले, आणि तीनच मिनिटांत क्रिस्तियानो रोनाल्डोने बरोबरी साधली. पुढे नवाफ बूशललाही बाहेर जावे लागले. तरीही अतिरिक्त वेळेत, ९८व्या मिनिटाला, रोनाल्डोने दुसरा गोल केला आणि अल-नस्रने हा करंडक प्रथमच जिंकला. सामना उत्तम झाला यात शंका नाही. पण स्पर्धा म्हणून त्या हंगामाकडे पाहिले की अस्वस्थ व्हायला होते. उपांत्य फेरीतील चारपैकी तीन संघ यजमान देशाचे होते. अंतिम फेरीतील दोन्ही क्लबांची ७५ टक्के मालकी जून २०२३ मध्येच सौदी सरकारच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे गेली होती. मुख्य फेरीचे सगळे सामने सतरा दिवसांत ताइफ, अभा आणि अल-बाहा या एकाच देशातील तीन डोंगराळ शहरांत उरकले गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत ही स्पर्धा भरलीच नाही.

राजाश्रयावर चालणारा सोहळा म्हणून ही स्पर्धा भरवली जाते, आणि म्हणूनच तिला सातत्य लाभत नाही, असे माझे म्हणणे आहे. ती पुन्हा सुरू व्हायला हवी, आणि सुरू होताना प्रत्येक क्लबला आपल्या गावात, आपल्या प्रेक्षकांसमोर खेळण्याचा हक्क मिळायला हवा. अशा पद्धतीने खेळला गेलेला एक हंगाम या स्पर्धेच्या इतिहासात आहे, आणि तो फार जुनाही नाही. त्याच्याकडे वळण्याआधी या स्पर्धेची गरज मुळात का आहे ते सांगायला हवे.

अरब लीगचे बावीस सदस्य देश आहेत. त्यांपैकी दहा आफ्रिकेत आणि बारा आशियात मोडतात. फुटबॉलचा कारभार खंडनिहाय महासंघांकडे असल्यामुळे कैरो, ट्युनिस आणि कासाब्लांकाचे क्लब आफ्रिकेच्या स्पर्धांत खेळतात, तर रियाध, बगदाद आणि अम्मानचे आशियाच्या. परिणामी अल-हिलालचा संघ नोव्हेंबर २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी नवी मुंबईत येतो, डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटीला २–० ने हरवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-नस्र मडगावजवळच्या फातोर्ड्याला येऊन एफसी गोवाशी खेळतो आणि २–१ अशा निसटत्या फरकाने जिंकून जातो. आपल्याकडच्या प्रेक्षकांना या सामन्यांचा आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण ज्या कासाब्लांका-ट्युनिसशी रियाधची भाषा जुळते, जिथले खेळाडू रियाधच्या संघांत खेळतात आणि जिथले सामने रियाधमधील घराघरांत पाहिले जातात, तिथे जाऊन अधिकृत क्लब सामना खेळण्याची संधी रियाधच्या संघाला जवळजवळ मिळतच नाही. क्लब विश्वचषकात अधूनमधून गाठ पडते; फेब्रुवारी २०२३ मध्ये रबातला कासाब्लांकाचा विदाद आणि अल-हिलाल अशीच गाठ पडली होती. असे अपवाद सोडले तर या दोन गटांना जोडणारी क्लबांची स्पर्धा एकच आहे. ती बंद पडली की अरब फुटबॉलचे दोन तुकडे पुन्हा वेगवेगळे होतात.

अरब फुटबॉल महासंघाची स्थापना १९७४ मध्ये त्रिपोलीत झाली आणि लवकरच त्याचे मुख्यालय रियाधला गेले. पहिली क्लब स्पर्धा १९८१–८२ मध्ये इराकच्या अल-शुर्ताने लेबनॉनच्या नेजमेला हरवून जिंकली. त्यानंतरचा इतिहास वाचताना प्रत्येक वळणावर एखादा आश्रयदाता उभा दिसतो. १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे बगदादच्या अल-रशीद क्लबने हा करंडक जिंकला. सद्दाम हुसेनचा मुलगा उदय याच्या छत्राखाली १९८३ मध्ये उभा राहिलेला हा क्लब १९९० मध्ये बरखास्त झाला; तीन वेळच्या विजेत्याला वारस म्हणून आज कोणी उरलेले नाही. २००३ पासून एआरटी या उपग्रह वाहिनीने पैसा ओतला आणि स्पर्धेला खरोखर बरे दिवस आले. अल्जीरियाच्या सेतिफने ती दोनदा जिंकली, विदाद दोनदा अंतिम फेरीत हरला. २००९ मध्ये या वाहिनीने आपला क्रीडा विभाग अल जझीराला विकला, आणि त्याबरोबर ही लीगही संपली. मैदानावर काही बिघडले म्हणून ती थांबली नव्हती. पैसे देणाऱ्याचा व्यवसाय बदलला होता, एवढेच.

२०१२–१३ च्या एका हंगामानंतर पुन्हा खंड पडला. २०१७ मध्ये इजिप्तमध्ये स्पर्धा भरली, तेव्हा अंतिम सामन्यात ट्युनिसच्या एस्पेरान्सचा निर्णायक गोल ऑफसाइड असल्याचा दावा करत जॉर्डनच्या अल-फैसलीच्या खेळाडूंनी पंचांवर हल्ला केला आणि त्यांच्या समर्थकांनी स्टेडियमची मोडतोड केली. तो प्रकार निषेधार्हच होता. पण हेही लक्षात घ्यायला हवे की अल-फैसलीने उपांत्य फेरीत यजमान इजिप्तच्या अल-अहलीला हरवले होते, आणि अंतिम सामन्याला पंच इजिप्तचेच नेमले गेले. स्थायी नियमांनी बांधलेल्या स्पर्धेत ही नेमणूक झाली नसती. त्यानंतर २०१८–१९ चा करंडक अमिरातीचे संस्थापक शेख झायेद यांच्या नावाने दिला गेला, २०१९–२० चा मोरोक्कोचे राजे मोहम्मद सहावे यांच्या नावाने, आणि २०२३ चा सौदीचे राजे सलमान यांच्या. ज्या देशाकडे त्या हंगामाचा मान, त्या देशाच्या आजी किंवा माजी सत्ताधीशाचे नाव करंडकावर.

यांतील २०१९–२० चा हंगाम मला या स्पर्धेचा आदर्श वाटतो. त्या वर्षी बत्तीस संघ बाद पद्धतीने खेळले. पहिल्या फेरीपासून उपांत्य फेरीपर्यंत प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक आपल्या मैदानावर आणि एक परक्या. पहिल्याच फेरीत कासाब्लांकाच्या रजा क्लबची गाठ पॅलेस्टाइनच्या हिलाल अल-कुद्सशी पडली. रजाचा संघ परतीच्या सामन्यासाठी जेरुसलेमजवळच्या अल-राम गावातील फैसल अल-हुसेनी मैदानावर गेला. इस्रायलने उभारलेली विभाजन भिंत या मैदानाला लागूनच जाते. मोरोक्कोतला एवढा लोकप्रिय संघ तिथे प्रत्यक्ष येतो, त्याचे खेळाडू तिथे सराव करतात, गावकरी त्यांना बघायला जमतात, ही गोष्ट तिथल्या माणसांसाठी किती मोठी होती हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या पद्धतीत हा सामना फार तर अभा किंवा ताइफला, दोन्ही संघांना परक्या असलेल्या गावात झाला असता.

पुढच्या फेरीत सोडतीने रजा आणि विदाद यांनाच समोरासमोर आणले. कासाब्लांकातील या दोन क्लबांचे वैर अरब फुटबॉलमध्ये सर्वांत तीव्र मानले जाते, आणि दोघांचेही घरचे मैदान एकच, मोहम्मद पाचवे स्टेडियम. म्हणून दोन्ही सामने तिथेच झाले. फरक इतकाच की एकदा रजा यजमान आणि एकदा विदाद. उत्तरेकडचा कोपरा विदादच्या समर्थकांचा, दक्षिणेकडचा रजाच्या, आणि गोलपोस्टमागच्या त्या दोन बाजूंतून सामन्याआधी कितीतरी मीटर उंचीचे रंगवलेले पडदे वर चढत जातात. पहिला सामना १–१ असा सुटला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या दुसऱ्या सामन्यात, कागदोपत्री विदादच्या घरी, विदादने ४–१ अशी आघाडी घेतली होती, आणि सामन्याचा अखेरचा पाव तास उरला होता. तिथून रजाने तीन गोल केले. शेवटचा, काँगोच्या बेन मालांगोचा, भरपाईच्या वेळेत झाला. ४–४ बरोबरी, दोन्ही सामन्यांची बेरीजही सारखीच, आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे रजा पुढे. एकाच मैदानावर खेळलेल्या दोन सामन्यांत परक्या मैदानाचा नियम निर्णायक ठरावा हे विचित्र आहे खरे, पण त्या रात्री स्टेडियममध्ये असलेला कोणीही हा निकाल विसरणार नाही. अरब क्लब करंडकाच्या इतिहासातील सर्वांत मोठा सामना तटस्थ मैदानावर झालेला नाही, आणि झालाही नसता.

उपांत्यपूर्व फेरीत रजासमोर एमसी अल्जेर हा अल्जीरियाचा संघ होता. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यातील जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. तरीही २०२० च्या सुरुवातीला दोन्ही संघ एकमेकांच्या देशात जाऊन खेळले आणि रजा पुन्हा परक्या मैदानावरच्या गोलांवर सुटला. उपांत्य फेरीचा पहिला सामना रजाने फेब्रुवारी २०२० मध्ये इजिप्तच्या इस्माईलीविरुद्ध ०–१ असा गमावला, मग कोरोनाची साथ आली, आणि परतीचा सामना जानेवारी २०२१ मध्ये होऊन रजाने तो ३–० ने जिंकला. अंतिम सामना २१ ऑगस्ट २०२१ रोजी रबातमध्ये जेद्दाच्या अल-इत्तिहादशी झाला. तो ४–४ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये रजाने करंडक घेतला. तीनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. आज तेच दोन संघ समोरासमोर आले तर काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे खरा आहे, आणि त्याला उत्तर द्यावे लागेल.

रजाच्या त्या संघात सुफियान रहीमी होता. त्याचे वडील याच क्लबमध्ये खेळाडूंचे कपडे आणि साहित्य सांभाळण्याचे काम करत, आणि रहीमी क्लबच्या आवारातच लहानाचा मोठा झाला. रबातच्या अंतिम सामन्यानंतर तो अमिरातीच्या अल-ऐनकडे गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत त्याने अल-हिलालविरुद्ध हॅटट्रिक केली. आफ्रिकेच्या बाजूने आलेला खेळाडू आशियाच्या बाजूला जाऊन मोठा होतो, ही वाट अरब स्पर्धेमुळे रुंदावते. आखाती क्लबांना हे खेळाडू प्रत्यक्ष चुरशीत दिसतात, आणि रजासारख्या क्लबला खेळाडूची किंमत येते.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण या स्पर्धेच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद तोच केला जातो. विजेत्याला ६० लाख डॉलर मिळत. २०१९ मध्ये आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगचा विजेता २५ लाख डॉलर घेऊन जात होता. कर्जात बुडालेल्या मगरेबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतील, क्लबांना हा फरक किती मोहात पाडतो हे उघड आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण रकमेची मांडणी कशी आहे ते पाहावे. मोठा वाटा शिखरावर, आणि शिखरावर पोहोचणारे संघ बहुधा तेच, ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे. २०२३ मध्ये अल-इत्तिहादकडे बेन्झेमा आणि कान्ते होते, अल-हिलालकडे कुलिबाली आणि रुबेन नेव्हेस, अल-नस्रकडे रोनाल्डोबरोबर ब्रोझोविच आणि उपांत्य फेरीपर्यंत दाखल झालेला सादियो माने. त्यांच्यासमोर बगदादच्या अल-शुर्ताने उपांत्य फेरी गाठली आणि अल-नस्रकडून ०–१ असा, तोही एका पेनल्टीवर, पराभव पत्करला. बगदादला परतीचा सामना झाला असता तर? निकाल कदाचित बदलला नसता. पण या स्पर्धेचा पहिला विजेता असलेल्या क्लबला, चाळीस वर्षांनी, आपल्या शहरात रोनाल्डोच्या संघाशी खेळता आले असते, आणि तिथल्या पोरांनी तो सामना आयुष्यभर सांगितला असता.

सौदी संघ केवळ यजमान असल्यामुळे जिंकतात, असे मी म्हणत नाही. त्यांचे संघ बलवान आहेत आणि कोणत्याही मैदानावर बहुतेकांना भारी पडतील. मात्र एप्रिल-मे २०२५ मध्ये आशियाई महासंघाने आपल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरीपासूनची लढत जेद्दामध्ये एकेका सामन्यावर आणली, आणि तिथेही उपांत्य फेरीतील चारपैकी तीन संघ सौदीचे निघाले. जपानच्या कावासाकीने अल-नस्रला हरवून दाखवले, पण अंतिम सामन्यात त्यांची गाठ जेद्दाच्याच अल-अहलीशी, जेद्दामध्येच पडली आणि करंडक तिथेच राहिला. अरब स्पर्धेने जे केले तेच आता खंडाची स्पर्धाही करू लागली आहे. म्हणूनच हा वाद एका बंद पडलेल्या करंडकापुरता नाही.

एका मालकाच्या दोन क्लबांनी अंतिम सामना खेळण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ताइफच्या सामन्यात कोणी हातचे राखून खेळले असा संशयही मला नाही. दोन लाल कार्डे आणि एकशेवीस मिनिटांची झुंज पाहणाऱ्याला तो येणार नाही. पण युरोपात २०२५ मध्ये एकाच मालकाचा प्रभाव दोन क्लबांवर असल्याच्या कारणावरून इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेस क्लबला खालच्या स्पर्धेत ढकलले गेले. प्रेक्षकाला शंका घ्यायला जागाच उरू नये म्हणून असे नियम असतात, आणि अरब महासंघालाही तसा नियम लागेल.

घरच्या मैदानाविरुद्धचे आक्षेप मला माहीत आहेत. उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी एकत्र खेळले की लीगच्या वेळापत्रकाला धक्का लागत नाही. ताइफ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये रियाधला खेळणे अशक्य आहे, हे खरेच. पण तो काळ सौदी संघांच्या हंगामपूर्व सरावाला सोयीचा म्हणून निवडलेला असतो. इजिप्तची लीग कित्येकदा उन्हाळ्यातही चालू असते, आणि कैरोच्या अल-अहलीला या स्पर्धेत रस उरलेला नाही याचे एक मोठे कारण हे वेळापत्रक आहे. २०१९–२० मध्ये अल-अहली आणि कैरोचाच झमालेक दोघेही नव्हते. २०२३ मध्ये झमालेक आला, अल-अहली नाही. आफ्रिकेतील सर्वांत यशस्वी क्लबाशिवाय अरब विजेतेपद अपुरेच राहते. बत्तीसऐवजी सोळा संघ घेतले, पहिल्या टप्प्यात मगरेब, नाईल-शाम (इजिप्त-सुदान आणि सीरिया-लेबनॉनचा परिसर) आणि आखात असे शेजारशेजारचे गट केले, आणि बाद फेऱ्या सप्टेंबर ते एप्रिल या काळात आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवल्या, तर प्रवासही आटोक्यात राहील. आखातातील क्लबांची स्पर्धा २०२४–२५ मध्ये अशीच घरी-दारी खेळली गेली. अंतिम लढतीचा पहिला सामना कुवेतमध्ये कादसियाविरुद्ध गोलशून्य सुटला, आणि दुसरा इराकच्या कुर्दिस्तानातील दुहोक शहरात होऊन दुहोकने २–१ ने करंडक जिंकला. ज्या इराकला कित्येक वर्षे मायदेशात स्पर्धात्मक सामने खेळायची परवानगी नव्हती, तिथे हे घडले.

राहिला राजकारणाचा आक्षेप. २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली, तेव्हा आशियाई महासंघाने तटस्थ मैदानाची मागणी फेटाळून सामने घरी-दारीच खेळायला लावले, आणि ते खेळले गेले. सौदी आणि इराणच्या क्लबांना अनेक वर्षे तटस्थ मैदानावर खेळावे लागले, पण सप्टेंबर २०२३ मध्ये अल-नस्र तेहरानला गेलाच. नियम लिहिलेला असला आणि महासंघ त्यावर ठाम असला की सरकारे वाट काढतात. मोरोक्को-अल्जीरिया यांच्यासारख्या जोडीसाठी दोघांना मान्य असलेले तिसरे मैदान, उदाहरणार्थ ट्युनिस, नियमातच आधी नमूद करता येईल. सुदानच्या युद्धामुळे ओमदुरमानच्या अल-हिलाल आणि अल-मर्रीख यांना मॉरिटानियाच्या लीगमध्ये खेळावे लागले. अशा क्लबांना निवडलेले मैदान घरचे मानण्याची मुभा द्यावी. हे अपवाद आहेत. अपवादांसाठी सगळ्यांचे घर काढून घेण्याचे कारण नाही.

सौदी अरेबियाच्या पैशाशिवाय ही स्पर्धा चालणार नाही, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे. २०३४ चा विश्वचषक भरवणाऱ्या देशाला सतरा दिवसांच्या या सोहळ्यातून मिळण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. पाच-सहा वर्षांच्या निधीची हमी देऊन, अंतिम सामना एकदा आशियात, एकदा आफ्रिकेत फिरवू देऊन तो जास्त मान मिळवू शकतो. पण ही मागणी रियाधमधून येणार नाही. ती रजा, विदाद, एस्पेरान्स, झमालेक, अल-शुर्ता यांच्याकडून यावी लागेल, आणि आजवर त्यांनी प्रत्येकाने एकेकट्याने निमंत्रण स्वीकारले आहे. पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होईल तेव्हा त्यांनी परतीच्या सामन्याची अट एकत्रितपणे मांडली, तर यजमानाला ती धुडकावणे जड जाईल, कारण हे क्लब नसतील तर उरते ती सौदी लीगच्या संघांची हंगामपूर्व सराव स्पर्धा, आणि त्यासाठी अरब महासंघाच्या करंडकाची गरज कोणालाच नाही.